मेणवेलीचा डबा

डिलाईल रोड, मुंबई
ता. ४ मार्च १९५६

ती. वन्सं यांस बकुळाचा नमस्कार.

तुम्ही तापाने पडून होतात म्हणून ह्यांच्या दिवसांना येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका. बरं असतं तरी संचारबंदीत धक्क्यावरून घरापर्यंत पोचला नसतात. सगळं चाळीने केलं. शेजारच्या राधाबाई आणि त्यांचे सीतारामभाऊ नसते तर मला काय करावं ते सुचलं नसतं.

तुमच्या वाडीतल्या धोंडूने इथून गावी येऊन तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं तेवढं लिहिते. संक्रांत होऊन गेली होती. गिरणी बंद, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणून रस्त्यावर माणसं, आणि माणसांवर गोळीबार. हे घरीच होते. बाहेर पडणार नाही असं माझ्यापाशी कबूल केलं होतं. दुपार कलली तेव्हा उठले, मोरीजवळचा रिकामा डालडाचा डबा उचलला आणि म्हणाले, “आधण ठेव गो. उकळी येवच्या आदी येतंय.” मी स्टोव्ह पेटवला. आधण उकळलं, आटलं, पातेल्याचं बूड जळून काळं झालं, मग खालून ओरडा ऐकू आला. मागच्या गल्लीत पडकं गोदाम आहे, त्याच्या भिंतीपाशी ह्यांना गोळी लागली होती. डबा शेजारी पडला होता. त्यात विटांचे तुकडे होते.

पोलिसांच्या कागदावर ‘दगडफेक करणारा इसम’ असं लिहिलं आहे. बाईला वाचता येत असेल असं त्यांना वाटलं नाही, म्हणून माझ्यासमोरच कागद उघडा पडला होता. सीतारामभाऊही तेच सांगतात, फक्त मान वर करून सांगतात. दत्ताराम पुढे होता, हातात विटा होत्या, मागे हटला नाही. चाळीच्या तोंडाशी ह्यांचा फोटो लावून हार घातला आहे. सगळे म्हणतात तर तसंच असेल. मला एवढंच लागतं की माझ्याशी खोटं बोलून गेले. मोर्च्याला जातो म्हणाले असते तर मी काय पाय धरून बसले असते? बसले असते म्हणा. पण निदान आधण तरी ठेवलं नसतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ह्यांची मेणवेल जगेल असं दिसत नाही. तुम्हाला माहीतच आहे, गिरणीतल्या साचेखात्याचा, मागांवरचा, गोरा मास्तर विलायतेला परत जाताना बंगल्यातल्या कुंड्या वाटून गेला, त्यात ही मेल्यासारखी दिसणारी कोणी घेतली नाही, ती ह्यांनी आणली. खिडकीच्या गजाला साच्याच्या दोरीने डबा टांगला आणि त्यातून ही खाली लोंबत राहिली. जाड, गुळगुळीत, मेणात बुडवून काढल्यासारखी पानं. नाव कोणाला माहीत नव्हतं म्हणून ह्यांनीच मेणवेल म्हटलं. मी कधी तिला हात लावला नाही. आता रोज आंघोळ झाली की तुळशीला घालावं तसं तांब्याभर पाणी घालते, एक दिवस चुकले नाही. तरी पानं पिवळी पडून गळतात, बोट लावलं तर पिकल्या केळ्यासारखी लागतात. वाचनालयात झाडांचं पुस्तक मागितलं. त्यात आंबा होता, नारळ होता, ऊस होता. खिडकीत टांगायचं काही नव्हतं.

तुमच्या पडवीत हिचंच एक पिल्लू आहे आणि ते जोमात आहे असं हे सांगायचे. काय करू ते कळवा. ह्यांचे कपडे मी गरजूंना देऊन टाकले, छत्रीही दिली. वाढणारं असं ह्यांचं एवढं एकच घरात आहे. ते राखायचं आहे.

तुमची
बकुळा


मु. वडाचीवाडी, ता. मालवण
ता. २० मार्च १९५६

गं. भा. बकुळा हिस जाईबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ताप उतरला आहे, अंगात कळ नाही. दत्तूला आई गेल्यापासून मी वाढवला, त्याला शेवटचं पाणीही मला देता आलं नाही. त्यावर आता बोलून काय होणार.

गो बाय, वेलीला तू पाणी घालून मारते आहेस. ती तुळस नव्हे. तिची पानं म्हणजे तिच्या घागरी. घागरी भरलेल्या असताना वर तू आणखी ओततेस, ते खाली जाऊन मुळं कुजतात. तुझी भक्ती तिला सोसत नाही.

आता सांगते तसं कर. डब्यातून काढ. देठ खालून काळा पडला असेल तेवढा कापून टाक, दया करू नकोस. वरचे निरोगी तुकडे ठेव. कापलंस की पांढरा चीक येईल, तो धुऊ नको, सावलीत वाळू दे. एकदोन दिवस तशीच ठेवलीस तरी मरत नाही. नवा डबा घे, त्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाड. खाली विटांचे तुकडे घाल, सुपारीएवढे. मोठे नकोत, मोठ्यांच्या मधून माती वाहून जाते. भुगा नको, भुग्याचा चिखल होतो. वर नारळाचा काथ्या आणि थोडी माती. मग खिडकीत टांग, सकाळचं ऊन लागेल असं. आणि पाण्याला हात आवर. पान जरा लवलं, म्हाताऱ्याच्या हातासारखी सुरकुती आली, की मग पाणी. त्याच्या आधी तिने मागितलं नाही असं समज.

दत्तू पुढे होता हे गावात सर्वांना कळलं आहे. मला नवल वाटलं नाही. लहानपणी तो पडवीतून फणसाच्या आठळ्या मारायचा, माडावरचा कावळा चुकायचा नाही. माझ्या भावाच्या हातात वीट होती म्हणजे ती नेमकी जागी लागली असणार. खोटं बोलला म्हणून रागावू नकोस. बाईमाणसाला घाबरवायला नको म्हणून पुरुष असं बोलतात.

वेलीचं कळव.

जाईबाई


डिलाईल रोड, मुंबई
ता. २ जुलै १९५६

ती. वन्सं यांस बकुळाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मग लिहायला हात वळेना. तुम्ही पाठवलेली कोकमं पोचली हेसुद्धा कळवलं नाही.

वेल वाचली म्हणायची. खालची सगळी कुजली होती, हातभर लांबीचे तीन तुकडे वाचले. तुम्ही सांगितलं तसं केलं. राधाबाईंची जुनी चूल फोडली त्या विटा मागून घेतल्या आणि दारात फोडत बसले. राधाबाई म्हणाल्या, “वैनी, एवढे बारीक कशाला? रस्ता बांधतायसा काय?” मी म्हटलं, वन्संनी मापच तसं दिलंय. त्या म्हणाल्या, “तुमच्या वन्सं एवढ्या लांबून पण राबवून घेतात.” तीनातले दोन तुकडे धरले आहेत. मधे पावसामुळे पाणी घालायचा प्रश्नच आला नाही, खिडकीतून आत घेऊन उंच टांगली. वरच्या फांदीला जुने वाळके खुंट होते, बोडके, ते कात्रीने काढून साफ केली. एक खुंट राहिला, हात पोचला नाही.

मी खानावळ सुरू केली आहे. सीतारामभाऊंच्या पाळीचे आठ-दहा जण जेवतात. रात्री जेवण झालं की मी पेपर वाचून दाखवते. आधी ते हसायचे, बाई पेपर वाचते म्हणून. आता उशीर झाला तर विचारतात, आज काय छापलंय वैनी.

एक विचारते. तुकडे सुपारीएवढेच हवेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि आमच्या डब्याचं बूड गेलं होतं, हे ह्यांनी तुम्हाला कधी कळवलं होतं का? सहज विचारते. घाई नाही.

आणखी एक. पाकिटावर नावाआधी ‘गं. भा.’ घालता. रीत आहे, मला समजतं. पण पोस्टमन खालून मोठ्याने पुकारतो आणि चार मजले ऐकतात. नुसतं बकुळा लिहिलंत तरी पत्र पोचेल.

तुमची
बकुळा


वडाचीवाडी
ता. २४ ऑगस्ट १९५६

गं. भा. बकुळा हिस आशीर्वाद.

रीत ती रीत. मला माझ्या सतराव्या वर्षापासून सगळे तसंच लिहितात. सवय होते.

खुंट कापलेस? अगो, तेच तर तिचं फुलायचं ठिकाण. फुलांचा झुबका गळून पडला की देठाचा बोडका खुंट मागे राहतो, दिसायला मेलेला. पुढच्या खेपेला त्याच खुंटातून पुन्हा कळ्या येतात, दुसरीकडून येत नाहीत. तो काढलास की वेल परत पहिल्यापासून सुरू. वर्षं जातात. राहिला आहे त्या एकाला देवासारखा सांभाळ. आणि कळी दिसली तर डबा फिरवू नकोस, रुसते.

माप मला दत्तूनेच दिलं, दुसरं कोण देणार? पिल्लू घेऊन आला होता त्या शिमग्याला पडवीत बसून त्याने स्वतः विटा फोडल्या. मी म्हटलं, दे मी फोडते, तर म्हणाला, ताय, तू दगड करशील, मला सुपारी हवी. एकेक तुकडा हातात घेऊन बघायचा. बूड गेल्याचं म्हणशील तर संक्रांतीच्या आधी धोंडू सुटीवर आला त्याच्यापाशी निरोप होता. ताय, डबा सडला, पाणी गळतं, खालचा कुशाबा रोज माझा उद्धार करतो, संक्रांत झाली की नवा डबा करतो. मी हसले होते. हे आता कशाला विचारतेस?

इथली बातमी. पंधरा ऑगस्टला शाळेत दत्तूचा फोटो लावला. मास्तरांनी खाली सुंदर अक्षरांत लिहिलं आहे, ‘हाती दगड घेऊन गोळीला सामोरा गेलेला आमच्या गावचा वीर’. मला खुर्ची दिली, पहिल्या रांगेत, सरपंचाच्या शेजारी. या गावात लग्नकार्याला मला मागच्या दाराने बोलावतात, बकुळा, तुला माहीत आहे. त्या दिवशी पुढच्या दाराने नेलं. मुलं पाया पडली. मी रडले नाही. घरी येऊन वेलीखाली बसले, तेव्हा रडले.

दिवाळीला ये. तुलाही बघायला मिळेल.

जाईबाई


डिलाईल रोड, मुंबई
ता. ११ डिसेंबर १९५६

ती. वन्सं यांस बकुळाचा नमस्कार.

दिवाळीला येणं झालं नाही. खानावळ बंद ठेवली तर माणसं उपाशी राहत नाहीत, दुसरीकडे जातात.

शाळेतल्या फोटोचं वाचलं. तुम्हाला पुढे बसवलं हे फार बरं झालं. ते विचारलं होतं ते सहजच, त्यात काही नव्हतं.

वेल वीतभर वाढली. सुरकुती पडेपर्यंत थांबायला शिकले. थांबणं अवघड जातं, तांब्या भरलेला असतो आणि सकाळी हात आपोआप उचलतो. एकदा सवयीने ओतलं आणि मग डबा वाकडा करून सगळं पाणी काढलं.

सीतारामभाऊ काल जेवण झाल्यावर बसून राहिले. म्हणाले, “वैनी, जानेवारीत वर्ष होईल. नाक्यावर सभा आहे. तुम्ही दोन शब्द बोलायचे.”

मी म्हटलं, “काय बोलू?”

“दत्ताराम कसा गेला ते.”

“मी तिथे नव्हते.”

“आम्ही सांगतो ना. तुम्ही फक्त उभ्या राहा. लोकांना तुमचा चेहरा दिसला पाहिजे.”

मी म्हटलं, चेहरा रोज भाकऱ्या थापताना दिसतो, बघायचा त्याने जेवायला यावं. ते हसले. पण ते सोडणार नाहीत. मन चांगलं आहे त्यांचं, तेच कठीण आहे.

मी जाणार नाही. का ते विचारू नका.

तुमची
बकुळा


वडाचीवाडी
ता. १७ फेब्रुवारी १९५७

गं. भा. बकुळा हिस,

धोंडू आला होता. त्याने सांगितलं, नाक्यावर हजार माणूस होतं, दत्तूच्या नावाने घोषणा झाल्या, आणि त्याची बायको खोलीला कडी लावून आत तांदूळ निवडत होती. खरं आहे?

विचारू नका म्हणून लिहिलंस तेव्हा मी विचारलं नाही. आता विचारते. माझ्या भावाची तुला लाज वाटते? तो दंगेखोर होता असं तुला पोलिसांनी सांगितलं ते तुला पटलं? की तुला वाचता येतं म्हणून आम्ही सगळे अडाणी? गावात बायका मला विचारतात, मुंबईची वहिनी फोटो बघायला का येत नाही. मी काय सांगू? वेल वीतभर वाढली म्हणून सांगू?

मला खरं उत्तर हवं. गोड नको.

जाईबाई


डिलाईल रोड, मुंबई
ता. ३ मार्च १९५७

ती. वन्सं यांस बकुळाचा नमस्कार.

तांदूळ निवडत होते, खरं आहे. कडी लावली होती तेही खरं.

तुम्हाला खरं हवं तर लिहिते. गेल्या वर्षीच्या मार्चपासून तुमच्यापासून लपवलं. तुम्ही पहिल्या पत्रात वेलीसाठी लिहिलंत, खाली विटांचे तुकडे घाल, सुपारीएवढे. ते मी दोनदा वाचलं. कारण ह्यांच्याजवळ पडलेला डबा मी पाहिला होता. दवाखान्यात बाकाखाली ठेवला होता. तो अर्धा भरलेला होता, आणि तुकडे सुपारीएवढे होते. सगळे एका मापाचे. तेव्हा मला ते नुसते विटांचे तुकडे दिसले. आणि बुडाला भोकं पाडलेली होती, नवीन, कडा चकचकीत. तीही मी पाहिली होती आणि विसरले होते.

मग मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही धोंडूचा निरोप लिहिलात. संक्रांत झाली की डबा करतो. संक्रांत झाली होती, वन्सं. चार दिवस घरात बसून माणूस कंटाळला होता. खाली गोदामाची भिंत पडलेली, विटा फुकट. मागची गल्ली शांत होती असं सगळे म्हणतात, दंगल पुढच्या रस्त्यावर होती. तिथून पळणाऱ्यांच्या मागे पोलीस गल्लीत शिरले तेव्हा भिंतीपाशी एक माणूस वाकून विटा फोडत होता. त्यांना जे दिसलं ते दिसलं.

हे मोर्च्यात नव्हते. घोषणा देत नव्हते. मुंबई मिळावी असं त्यांना वाटत होतं, सगळ्यांसारखंच, पण त्या दुपारी ते वेलीचा डबा करायला गेले होते.

मला लाज कसली? उलट मी सुटले. माझ्याशी खोटं बोलून गेले असं वर्षभर मनात धरून होते, ते गेलं. पण हे कोणाला सांगू? पोलिसांनी ह्यांच्या हातात दगड दिला, आणि आपल्या माणसांनी तोच दगड हार घालून तसाच ठेवला. मी व्यासपीठावर उभी राहून त्याला आणखी एक हार घालू शकत नाही. आणि तुम्हाला पुढच्या दाराने नेलं असं तुम्ही लिहिलंत, त्यावर मी काय लिहिणार होते. म्हणून कडी लावली.

आता तुम्ही रागावा. तो तुमचा हक्क आहे.

बकुळा


वडाचीवाडी
ता. १० एप्रिल १९६०

बकुळा,

तीन वर्षं तुला उत्तर दिलं नाही. तुझी दिवाळीची तीन पत्रं आली, वेलीला किती पानं आली ते कळलं, खानावळ मोठी झाली ते कळलं. मी बोलले नाही. तुझं ते पत्र मी देव्हाऱ्याच्या मागे सारून ठेवलं होतं. मला वाटलं, दुःखाने तुझं डोकं फिरलं आहे, नाहीतर पुस्तकं वाचून. मी शाळेत दर पंधरा ऑगस्टला गेले. खुर्चीत बसले.

गेल्या महिन्यात मांजराने पडवीतली कुंडी पाडली. फुटली. वेल उचलून बाजूला ठेवली आणि माती गोळा करायला बसले, तर खालून विटांचे तुकडे निघाले. दत्तूने शिमग्याला फोडलेले. सहा वर्षं मातीत राहून काळपट झालेले. मी पदरात घेतले आणि एकेक बघितला. सगळे सुपारीएवढे. कडा बोटाने चाचपून त्याने मारून मोडलेल्या. बकुळा, दत्तूचा नेम मला माहीत आहे. त्याला पोलिसाला मारायचंच असतं तर त्याने मुठीत मावेल अशी अर्धी वीट घेतली असती. सुपारीने कोणी पोलिसाला मारतं?

तिथेच बसले. संध्याकाळी चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी पदरात तुकडे घेऊन शाळेत गेले. मास्तरांना सांगितलं, फोटोखालचं वाक्य काढा. ते म्हणाले, जाईबाई, आता तर महाराष्ट्र होतोय, मोठा समारंभ करणार आहोत, आत्ताच कसं काढू? मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं, त्याचं नाव लिहा, गावाचं नाव लिहा, आणि गोळीबारात गेला असं लिहा. ते म्हणाले, एवढंच? फार थोडं वाटतं. मी म्हटलं, मास्तर, एवढंच झालं. त्याने काही केलं नव्हतं आणि तो गेला. यात थोडं काय आहे?

त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला. मग त्यांनी दौत काढली. मी पाहत उभी राहिले.

एक मेच्या दिवशी तो समारंभ आहे. मला खुर्ची ठेवतील की नाही ठाऊक नाही. नाही ठेवली तर उभी राहीन. वेल नव्या कुंडीत लावली. तुकडे तेच घातले.

पाकिटावर काय लिहिलंय ते बघितलं असशील.

जाईबाई


डिलाईल रोड, मुंबई
ता. ९ मे १९६०

ती. वन्सं यांस बकुळाचा नमस्कार.

पाकीट बघितलं. पोस्टमनने खालून नुसतं “बकुळा” असं पुकारलं, तर राधाबाईंनी खिडकीतून त्याला झापलं, वैनीला नावाने हाक मारतोस काय म्हणून. मी पळत खाली गेले.

एक तारखेच्या आदल्या दिवशी चाळीत दिवे लावत होते. सीतारामभाऊ ह्यांचा घरातला फोटो न्यायला आले, मिरवणुकीसाठी. मी म्हटलं, बसा, आधी जेवा. आणि सगळं सांगितलं. तुमच्या कुंडीसकट. ते ताटावरून हात न काढता ऐकत होते.

“वैनी, चार वर्षं तुमच्या हातचं जेवतोय, आणि हे आज सांगता?”

“चार वर्षं तुम्ही भाषण करताय. मधे बोलायला जागा कुठे होती?”

“मग आता लोकांना काय सांगू? दत्ताराम वेलीसाठी विटा आणायला गेला होता?”

“तेच सांगा.”

“हसतील.”

“हसू देत. हसून झालं की विचारतील, मग त्याला गोळी कशाला घातली? त्याचं उत्तर तुम्ही द्या. ते भाषण मी ऐकायला येईन.”

ते उठले. हात धुतला, फोटो घेतला, दाराशी थांबले. म्हणाले, “मी तिथे होतो असं चार वर्षं सांगितलं मी. मी नव्हतो तिथे. पुढच्या रस्त्यावर होतो.” मी म्हटलं, माहीत आहे, जा आता, दिवे लावायचे राहिलेत. सभेत त्यांनी काय सांगितलं ते तुम्हाला धोंडू सांगेल, मी लिहिलं तर कमी-जास्त होईल. मी पहिल्या रांगेत नव्हते. मागे राधाबाईंबरोबर उभी होते. हसलं कोणी नाही.

वेलीला फूल आलं. माझा हात पोचला नव्हता त्या एका खुंटाला. गुलाबी मेणाचे तारे, झुबका झुबका, आणि मधोमध मधासारखा थेंब. दिवस मावळला की वास सुटतो. राधाबाईंनी अंबाड्यात घालायला मागितला, मी म्हटलं तोडायचा नाही, वास घ्यायला इथे या. मग फूल होतं तोवर रोज संध्याकाळी चार-पाच जणी येऊन बसायच्या. कुशाबाही वर आला होता. पाणी गळत नाही ना, ते बघून गेला.

फूल गळून पडलं तसा डबा बदलायला काढला, बूड गंजलं होतं. हे गेले त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. नळाला, बाजाराला, सगळीकडे वळसा घालून जायची. गोदाम अजून तसंच पडलेलं आहे. परवा दुपार कलली तेव्हा मी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि रिकामा डबा घेऊन खाली उतरले. राधाबाईंना म्हटलं, स्टोव्हला हात लावू नका. जिन्यावरून गल्लीत गेले, भिंतीपाशी बसले, दगडाने विटा फोडल्या. सुपारीएवढे तुकडे अर्धा डबा भरले. कोणी मला काही विचारलं नाही. मग उठून परत वर आले.

आधणाला नुसती वाफ धरली होती. उकळी यायची होती.

ते आलेच असते, वन्सं.

तुमची
बकुळा